झाकणाच्या आत लिहिलेलं

भानुदास, तुझ्या दहाव्याला पैठणच्या घाटावर कावळा दोन मिनिटांत शिवला. पिंड ठेवून गुरुजी मागे सरकतात न सरकतात तोच समोरच्या झाडावरून एक उतरला, इकडेतिकडे न बघता सरळ भातात चोच घातली आणि उडाला. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तुझे थोरले मामा म्हणाले, "काय नाय राहिलं बघा मनात. समाधानानं गेलं लेकरू." सगळ्यांनी माना हलवल्या आणि ते चपला शोधायला लागले. मी पायरीवर तसाच बसून राहिलो. मला त्या कावळ्याचा इतका राग आला होता की हाताशी दगड असता तर भिरकावला असता. काही राहिलं नाही म्हणे! निदान पाच मिनिटं तरी ताटकळत ठेवायचं होतंस. कावळा शिवत नाही म्हटल्यावर लोक एकेक करून पुढे येतात, गेलेल्याला शब्द देतात. पोरीचं शिक्षण करू, आईला अंतर देणार नाही, असं काही. मीही पुढे येणार होतो. माझ्याकडे शब्द नव्हता, कबुली होती. रात्रभर घोकून आणली होती. ती द्यायची वेळच त्या काळतोंड्यानं येऊ दिली नाही.

घरी येऊन तुझ्याबद्दल चारचौघांसारखं लिहायला बसलो. जन्म बिडकीनला, बी.एस्सी. संभाजीनगरला, स्वभाव मनमिळाऊ. दोन ओळींत वैताग आला. मनमिळाऊ तू कधी होतास? हॉटेलात शिरलास की पहिलं वाक्य, "फडकं कुजलंय ह्यांचं." लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला ऐकू जाईल असं, "तूप जुनं हाय." तुझ्यासोबत कुठे जायचं म्हणजे माफी मागायची तयारी ठेवूनच जावं लागायचं. पण तू म्हणशील ते खरं निघायचं, हा त्यातला सगळ्यात मोठा त्रास.

माझ्याच दुकानात नाही का, वीस वर्षांपूर्वी. उस्मानपुऱ्यात माझं चष्म्याचं दुकान नवंनवं होतं. तू आलास, फ्रेम नाकावर चढवलीस आणि लगेच काढून काउंटरवर ठेवलीस.

"हिला वास येतोय."

"प्लास्टिक आहे हो, त्याला कसला वास?"

"डिंकाचा. ज्या खोक्यात ठेवली व्हती त्याचा."

मी फ्रेम नाकाला लावली. काही नाही. गिऱ्हाईक विक्षिप्त आहे असं समजून दुसरी दाखवली. तू गेल्यावर खोकं उचकून पाहिलं तर तळाशी डिंकाची बाटली कलंडून वाळून गेली होती. आठ दिवसांनी चष्मा न्यायला आलास तेव्हा मी तुला चहा पाजला. चहा उकळून उकळून मेलाय, असं तू म्हणालास. त्या दिवसापासून आपली दोस्ती.

वाळूजच्या बिअरच्या कारखान्यात तुझं काम चव बघायचं. लोक हेवा करायचे, पगार घेऊन पितो म्हणून. मी एकदा तुला त्या कामाबद्दल खोदून विचारलं तेव्हा कळलं की त्यात मजा कमी आणि परीक्षाच जास्त. सकाळी दहाला पाच जणांच्या पॅनेलनं पांढऱ्या खोलीत बसायचं. समोर छोटे ग्लास. आधी वास, मग घोट, मग कागदावर निकाल. बोलायचं नाही, एकमेकांचा कागद बघायचा नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. त्यापायी तू दुपारपर्यंत कांदा खात नसायचास, डोक्याला तेल लावायचा नाहीस. रेखा वहिनी तू घराबाहेर पडल्याशिवाय फोडणी टाकायच्या नाहीत, उदबत्तीसुद्धा तू गेल्यावर. तुझ्या नाकावर तुमचं घर चालायचं.

आणि मग आपल्या सहली. दिवाळी उरकली की आठ दिवस, कुठला तरी देश, स्वस्तात स्वस्त. नेपाळपासून सुरुवात केली, पोखऱ्याला एका खोलीत सहा जणांसोबत झोपलो. वहिनींनी बांधून दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, त्यावर पाच दिवस निघायचे. जेवणावर वाचवायचं आणि संध्याकाळी त्या गावची बिअर प्यायची, असा आपला हिशेब. दोघांत दोन बाटल्या, त्याहून जास्त नाही. बारमध्ये जायचं नाही, तिथं भाडं पितो आपण, बिअर नाही, असं तुझं म्हणणं. कोपऱ्यावरच्या दुकानातून घ्यायची, गावातले कामकरी जिथे बसतात तिथेच पायरीवर बसायचं, आणि झाकण आपल्या डोळ्यांदेखत उघडलं पाहिजे. कुणी विचारलं कुठले, तर तू म्हणायचास, "अजिंठा." शहराचं नाव सांगायला गेलं की जुनं सांगायचं का नवं, इथपासून सुरुवात. अजिंठा म्हटलं की काम भागायचं.

झाकणं तू जपून ठेवायचास. घोट घेतला की खिशातून प्रयोगशाळेतला बारीक मार्कर काढायचा, झाकण उलटं करायचं आणि आतल्या पांढऱ्या गोलावर मुंगीएवढ्या अक्षरात निकाल लिहायचा. मी डोकावलो की मूठ बंद. "पॅनेलचा नियम हाय. आपला निकाल दुसऱ्याला दाखवायचा नाय." इतक्या वर्षांत एक झाकण वाचू दिलं नाहीस. तोंडी मात्र भरपूर. मी म्हणायचो छान आहे, तू म्हणायचास, "छान काय, भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास मारतीय. दोन महिने उन्हात पडून व्हती." एकदाही मी बरोबर निघालो नाही. चेष्टेत का होईना, ते मला खुपायचं. आता कबूल करतो.

बर्फावरून तर आपली किती भांडणं झाली. बँकॉकला घामानं निथळत होतो, समोरचा म्हातारा ग्लासात बर्फाचे खडे टाकून मस्त पीत होता. मी हात पुढे केला तर तू ग्लासच उचलून घेतलास. "अश्या, बर्फ टाकायचा तर नळाखाली धर की सरळ. दहा मान्सं सहा आठवडे राबतेत ह्या एका ग्लासासाठी." मी म्हणालो, ज्या देशात जातोस तिथल्या लोकांसारखं प्यावं. तू म्हणालास, लोक चुकतेत. ते भांडण आपण तीन देशांत नेलं. कोकम सरबतावर सुद्धा तू मला बर्फावरून बोललास.

म्हणून गेल्या नोव्हेंबरात, व्हिएतनामातल्या हनोईला, त्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्यावर मी सवयीनं बर्फाचं भांडं लांब सारलं आणि तू म्हणालास, "टाक की. गरम हाय."

मी तुझ्याकडे पाहतच राहिलो. तूही दोन खडे टाकून घेतलेस. मला वाटलं, चला, पन्नाशी आली, माणूस निवळला. माझा मूर्खपणा तिथून सुरू झाला.

त्याच बैठकीत दुसरी बाटली उघडली. मला पहिल्याच घोटाला काहीतरी खटकलं. तूच शिकवलेला वास, भिजलेला पुठ्ठा. मी भीत भीत म्हणालो, शिळी आहे रे. तू घोट घेतलास, डोळे मिटलेस, आणि म्हणालास, "नाय. एक नंबर हाय." शेजारच्या बाकावरच्या माणसानं त्याच खोक्यातली बाटली अर्धी पिऊन परत केली, दुकानदारानं तोंड वाकडं करून बदलून दिली. मी जिंकलो होतो! वीस वर्षांत पहिल्यांदा. मी उठून नाचलो नाही एवढंच. पुढचे दोन दिवस तुला टोचून टोचून हैराण केलं. "काय वस्ताद, पुठ्ठा आवडायला लागला का?" तू हसायचास. तू चिडायला हवं होतंस, भानुदास. तुझ्यासारखा माणूस अशा गोष्टीवर हसतो, तेव्हा घाबरायला पाहिजे. मी घाबरलो नाही, कारण मी जिंकण्यात गुंतलो होतो.

आणखीही होतंच की. त्या सहलीत तू दरवेळी म्हणायचास, "आधी तू सांग." मी सांगायचो, मग तू मान डोलवून मार्कर काढायचास. मला वाटलं, शेवटी मानलं पठ्ठ्यानं. हनोईहून ह्यूला आगगाडीनं जाताना भरदुपारी तू ताडकन उठून बसलास. "काहीतरी जळतंय." मी नाक फुगवून वास घेतला, कुठे काही नाही. तू सीटखाली वाकून वायर बघितली, मोबाइलचा चार्जर काढून हातात धरलास, पंख्याकडे बघत राहिलास. दोन मिनिटांनी म्हणालास, "गेला." ह्यूच्या लॉजवर सकाळी पुन्हा तेच. तू सगळी बटणं बंद केलीस आणि भिंतीला हात लावून उभा राहिलास. "रबर जळल्यावानी. तुला नाय येत?" मला येत नव्हता. पण मला कधी काय येत होतं? आयुष्यभर तुला येणारे वास मला आले नव्हते. तेव्हा हाही त्यातलाच, असं धरून मी दात घासायला गेलो.

मग ती मासळीबाजाराची गल्ली. सुकट, मीठ लावलेली कोळंबी, आंबवलेल्या माशांचे उघडे माठ. मी रुमाल नाकाला लावून, डोळ्यांतून पाणी काढत चाललो होतो. मागे वळून पाहिलं तर तू माठाशेजारी उभा राहून धपाटा खात होतास. सावकाश, चटणी लावून लावून. पंगतीत तुपाचा वास सहन न होणारा माणूस.

माझ्या दुकानात लायसनवाले येतात, तुला माहीत आहेच. ट्रक चालवणारी माणसं. नजर अधू झालेली असते, पण सर्टिफिकेट हवं असतं, म्हणून बाकावर बसल्या बसल्या पुढच्या गिऱ्हाइकाचं ऐकून तक्ता पाठ करतात. मग खुर्चीत बसले की शेवटची ओळ घडाघडा म्हणतात. इतकी घडाघडा की चांगल्या डोळ्याचा माणूसही म्हणणार नाही. त्यांच्यासाठी मी त्याच तक्त्याच्या मागच्या बाजूला दुसरा लावलाय, अक्षरं बदललेला. भिंतीवर नुसता उलटा केला की त्यांचा आवाज बंद होतो. त्या गल्लीत तुला खाताना पाहून मला तो तक्ता आठवला.

दुपारी नदीकाठी बसलो. आदल्या दिवशीची अर्धी बाटली मी लॉजच्या खिडकीत, उन्हात, तशीच उघडी ठेवली होती. ती पिशवीतून आणली. नवी बाटली घेतली, पण तुझी पाठ वळली तेव्हा तुझ्या ग्लासात कालची ओतली. तू घोट घेतलास. डोळे मिटलेस. "ताजी हाय. कडवटपणा बेताचा. शेवटाला जरा गोडसर." घडाघडा.

मी कालची रिकामी बाटली समोर ठेवली. तू तिच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. नदीतून रंगीत होड्या जात होत्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन महिने झाले. सर्दीनं गेला आसंल. येईल."

"आणि कारखान्यात?"

"ल्याबच्या मीटरचे आकडे आधी बघून जातो ना मी. बॅच माहीत आसती. पाठ हाय सगळं." मग ग्लास हातात फिरवत म्हणालास, "मार्चमधी पॅनेलच्या प्रमुखाची जागा भरायचीय. वीस वर्षं काढली मी त्या खोलीत. ह्यांना कळलं तर गोडाउनला टाकतील मला. तेवढं मार्चपर्यंत गप ऱ्हा. रेखाला पण नाय सांगायचं. तिला कळलं की कारखान्यात कळलंच."

"आणि डॉक्टर?"

"मार्च होऊ दे. आईशप्पथ जातो."

मी शब्द दिला. हातावर हात मारून दिला. तू झाकण उलटं केलंस, मार्कर काढलास, काहीतरी लिहिलंस आणि मूठ मिटलीस. मी गंमत म्हणून विचारलं, ह्या शिळीला किती मार्क? तू म्हणालास, "पॅनेलचा नियम." आणि राहिलेली ती उतरलेली बिअर सगळी पिऊन टाकलीस, बर्फ न घालता.

फेब्रुवारीत तू चष्म्याचा नंबर काढायला आलास. उजव्या डोळ्यानं खालच्या तीन ओळी दिसेनात. मी काचा बदलत गेलो, एक, दोन, दहा. कुठलीच लागू पडेना. चष्म्याच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षी शिकवतात. काचेनं फरक पडत नसेल तर दोष काचेच्या मागे असतो, माणसाला डॉक्टरकडे धाडा. अनोळखी गिऱ्हाइकालाही मी हात धरून चिठ्ठी देतो. तुला म्हणालो, "डॉक्टरला दाखव रे." तू म्हणालास, "मार्च." मी म्हणालो, "बरं." एवढंच. चिठ्ठी लिहिली नाही, वहिनींना फोन केला नाही. दिलेल्या शब्दाचं मला फार कौतुक होतं.

मार्चमध्ये तू प्रमुख झालास. पेढे घेऊन आलास. विचारलं तर म्हणालास, "येतोय वास हळूहळू." मी पेढा खाल्ला. तो खवट होता. तू दोन खाल्लेस.

मे महिन्यात तू त्या पांढऱ्या खोलीतच कोसळलास, हातात ग्लास घेऊन. झटके आले. फोटोत दिसलं, कपाळामागे गाठ, लिंबाहून मोठी. डॉक्टर बाहेर आले, वहिनींना विचारू लागले, डोकं दुखायचं का, स्वभाव बदलला होता का. मग म्हणाले, "वास येणं कमी झालं होतं का? काही नसताना जळका वास येतो, असं कधी बोलले?"

वहिनी त्या अवस्थेतही जवळजवळ हसल्या. "छे हो. ह्यांच्या नाकावर तर आमचं घर चालतंय."

मी त्यांच्या मागे दोन हातांवर उभा होतो. ज्याला शब्द दिला तो आत बेशुद्ध. मार्च होऊन गेलेला. मी घसा खाकरला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, वहिनींनीही मान वळवली. मी म्हणालो, "पाणी आणतो."

पाणी घेऊन आलो तेव्हा डॉक्टर सांगत होते, गाठ जुनी आहे, सावकाश वाढलेली, लवकर आले असते तर काम सोपं होतं. किती लवकर, ते मी विचारलं नाही. ऑपरेशन झालं. तू एकदा डोळे उघडलेस म्हणे, त्या वेळी मी खाली औषधाच्या रांगेत होतो. तीन आठवड्यांत सगळं आटोपलं.

आता गाव काय म्हणतं ते ऐक. दारूनं गेला. घाटावर तुझा एक भाऊबंद माझ्याकडे हात करून म्हणाला, "बिअरच्या कंपनीत व्हता, त्यात हे दरसाल परदेशात प्यायला घेऊन जायचे. लिव्हर किती दिवस टिकणार?" त्याच्या स्वतःच्या तोंडाला सकाळी अकराला वास येत होता. तुझं लिव्हर ठणठणीत होतं, असं मी ओरडून सांगायला पाहिजे होतं. पण मग, तुम्हाला एवढं माहीत तर अजून काय माहीत, असं कुणी विचारलं असतं. मी गप्प राहिलो. गप्प राहायची एकदा सवय लागली की ती आपल्याच पायानं पुढे चालायला लागते, भानुदास.

परवा तेरावं झालं. काल दुपारी वहिनी दुकानात आल्या. एकट्याच, बिडकीनहून एसटीनं. हातात श्रीखंडाचा मोठा प्लास्टिकचा डबा. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या बराच वेळ भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत बसल्या.

"भाऊजी, एक विचारू का? खरं सांगाल?"

"विचारा की वहिनी."

"गेलं वर्षभर ह्यांनी माझ्या स्वैपाकाला नाव ठेवलं नाही. आधी जेवताना मीठ, फोडणी, पीठ जुनं हाय, एक गोष्ट सोडायचे नाहीत. जीव नको करायचे. मग एकदम बंद. बरं म्हणणं नाही, वाईट म्हणणं नाही. समोर ठेवलं की खायचं नि उठायचं. एकदा दूध करपून घरभर धूर झाला, हे तिथंच पेपर वाचत बसलेले. मी म्हटलं, एवढा राग? एवढं तोंडसुद्धा बघू वाटंना माझं?" त्यांनी पदरानं डबा पुसला, तो स्वच्छच होता. "माझं काय चुकलं व्हतं, तुमच्याजवळ काही बोलले व्हते का? तिकडं फिरायला गेल्यावर?"

समोर उत्तर होतं. एका वाक्याचं. चुकलं काही नव्हतं वहिनी, त्याला वासच येत नव्हता. एवढं बोललो असतो तर त्या बाईचं वर्ष तिला परत मिळालं असतं. पण त्याच्यामागून पुढचा प्रश्न येणार होता, तुम्हाला कधीपासून माहीत, आणि त्याच्यामागून नोव्हेंबर ते मे. मी म्हणालो, "नाही वहिनी. तसं काही बोलला नाही कधी."

त्यांनी मान हलवली. डब्याचं झाकण उघडलं. तुझी सगळी झाकणं, देशादेशांची पुडकी बांधून ठेवलेली.

"एक एक वाचलं मी. आधीच्या सगळ्यांवर नुसतं शिळी, ताजी, कडू. मग पुढं पुढं आधी अ लिहिलंय. अ: बरी. अ: कडू. हा अ म्हणजे काय?"

"अंदाज असेल," मी म्हणालो. इतक्या चटकन म्हणालो की माझं मलाच ऐकू आलं. घडाघडा.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. लायसनवाल्याचा तक्ता उलटा करताना मी ज्या नजरेनं बघतो, तीच नजर, आज मी खुर्चीत. "बरं," त्या म्हणाल्या. डबा काउंटरवरच ठेवला. "तुमच्याकडंच राहू द्या." पायऱ्या उतरून गेल्या. चहासुद्धा घेतला नाही.

दुकानाचं शटर अर्धं ओढून मी पुडकी सोडली. वीस वर्षांचे निकाल, जे तू मला कधी दाखवले नाहीस. पोखरा, बँकॉक, सगळीकडे तुझा फणकारा दोन दोन शब्दांत. मग श्रीलंका. श्रीलंकेच्या पाचव्या झाकणावर पहिल्यांदा अ. म्हणजे अशोक म्हणतो. म्हणजे तुझा स्वतःचा निकाल संपला होता आणि तू माझा उतरवून घेत होतास. श्रीलंका तर व्हिएतनामच्या आदल्या वर्षी. दोन महिने झाले म्हणालास मला! वर्ष होऊन गेलं होतं. वर्षभर तू माझ्या जिभेनं पीत होतास, त्याच जिभेनं, जिची वीस वर्षं टर उडवलीस. मला त्याच क्षणी तुझा राग आला, आणि रडूही आलं. ते तसंच, एकदम.

व्हिएतनामचं पुडकं शेवटी होतं. हनोई, अ: शिळी. म्हणजे मान्य केलं होतंस, तोंडानं नसलं तरी. मग ह्यू. त्या दुपारचं, नदीकाठचं, शब्द दिल्यावर लिहिलेलं झाकण. मुंगीएवढ्या अक्षरात, गोलाच्या कडेला वळवून वळवून बसवलेलं.

अ: सांगणार नाही.

बिअरवर लिहायचास तसाच निकाल. चव घेतली, पारखलं, लिहून टाकलं. तुझं नाक गेलं होतं, पण पारख शाबूत होती. तुझा निकाल चुकत नाही, हे मला वीस वर्षं माहीत आहे. चुकला नाही. दवाखान्यात चुकला नाही, घाटावर चुकला नाही, काल दुपारी माझ्याच दुकानात चुकला नाही.

आणि वहिनींनी एक एक वाचलं होतं. हेही. वाचून, डब्यात परत ठेवून, एसटीत बसून त्या माझ्याकडे आल्या होत्या. माझं काय चुकलं म्हणून विचारलं ते हे वाचल्यावर. अ म्हणजे काय हेही त्यांना माहीत होतं. त्या तक्ता उलटा करायला आल्या होत्या, आणि मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं.

कालपासून मला दुकानात जळका वास येतोय. फ्रेम तापवायचं मशीन बंद आहे, वायरी हातानं चाचपून पाहिल्या. असेल मनाचा खेळ. नसेल तर डॉक्टरकडे जाईन, मार्चची वाट बघणार नाही. पण त्याआधी दुसरं काम आहे.

आता उजाडतंय. पहिली बिडकीनची एसटी साडेसहाला आहे. डबा काउंटरवरच ठेवतो, ते एक झाकण तेवढं शर्टाच्या खिशात घेतलंय. तुझ्या घरच्यांसमोर, मामांसमोर, कारखान्यातलं कुणी आलं असेल तर त्यांच्यासमोरही सांगेन. तुला राग येईल. येऊ दे. बर्फाइतकंच हे भांडण आपण अर्धवट ठेवू. वहिनी मला उंबऱ्याच्या आत घेतील असं वाटत नाही, आणि घेऊ नये. पण दारात उभं राहून झाकण त्यांच्या तळहातावर ठेवीन आणि म्हणेन, अ म्हणजे अशोक, वहिनी. तुमच्या स्वैपाकात काही चुकलं नव्हतं.